राखणीचा हिवाळा

ऑक्टोबर सरत आला की आमच्या गावातल्या रस्त्यांच्या दोन्ही कडांना काठ्या रोवायला सुरुवात होते. माणसापेक्षा उंच, टोकाशी चकाकणारी पट्टी लावलेल्या, आणि त्यातल्या कितीतरी बांबूच्या. तेव्हा जमिनीवर बर्फाचा कणही नसतो. बर्चची पानं गळून गेलेली, गवत पिवळं, रस्ता कोरडा. नवीन आलेल्या माणसाला या काठ्या कशासाठी ते कळायला जानेवारी उजाडावा लागतो. जानेवारीत रस्ता, गटार, शेत, कुंपण सगळं एकाच पांढऱ्या पातळीखाली गेलेलं असतं. पहाटे चार वाजता बर्फ लोटायला निघालेल्या माणसाला रस्ता कुठे संपतो ते त्या काठ्यांवरून कळतं, दुसरी खूण नसते.

हे गाव म्हणजे याइलो. नॉर्वेच्या हालिंगदाल खोऱ्याच्या वरच्या टोकाला, समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटरवर. ओस्लोहून बर्गनला जाणारी रेल्वे इथे थांबते. उत्तरेला हालिंगस्कार्वेचा लांबलचक, सपाट माथ्याचा कडा आहे, पश्चिमेला चढत गेलं की हार्डांगरविद्दाचं अफाट पठार लागतं. इथे कायम राहणाऱ्यांच्या घरांपेक्षा सुट्टीपुरती उघडणारी लाकडी घरं जास्त. नोव्हेंबरात टिकलेला बर्फ मे महिन्यापर्यंत जात नाही. मी इथे नगरपालिकेच्या घरपोच शुश्रूषेच्या विभागात परिचारिका आहे. म्हणजे गाडी घेऊन एका म्हाताऱ्या माणसाकडून दुसऱ्याकडे जायचं, औषधं द्यायची, जखमा बघायच्या, पाय सुजलेत का पाहायचं, चार शब्द बोलायचे. हिवाळा मला खिडकीतून दिसत नाही. तो माझ्या कामाच्या वाटेवरच असतो.

माझं माहेर देवरुखच्या पलीकडे, सह्याद्रीच्या पायथ्याशी. तिथे मे महिना म्हणजे आगोट. कौलं चाळून फुटकी बदलायची, पडवीला झापं बांधायची, लाकडं आणि शेणी कोरड्या जागी रचायच्या. सुकी मासळी, मिरच्या, चिंच, आमसुलं, पापड सगळं डब्यांत आणि बरण्यांत जायचं. मृगाच्या आधी हे उरकलं नाही तर आईला झोप लागत नसे. इथला पहिला सप्टेंबर बघितला आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं, कारण इथेही आगोटच चालू होती. वसंतात फोडलेलं बर्चचं लाकूड उन्हाळाभर वाळवून घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला रचलं जात होतं. नॉर्वेतली बहुतांश वीज पाण्यावर होते आणि घरंही विजेवरच गरम ठेवतात, पण वादळात तारा तुटल्या तर शेगडी पेटती हवी हे कुणी विसरत नाही. फ्रीझरमध्ये एल्कचं मांस, रानातून वेचलेली लाल लिंगोनबेरी. कुणाच्या तळघरात मिठात मुरत ठेवलेल्या ट्राउट माशाची बादली, तिचा वास सुक्या मासळीच्या घरात वाढलेल्या मला अजिबात परका वाटला नाही. गाड्यांना खिळ्यांचे टायर, इंजिन गरम ठेवायची वायर, मागच्या डिकीत फावडं आणि घोंगडी. लोकरीचे आतले कपडे पेटीतून बाहेर. हे सगळं बोलण्या-सांगण्यातून होत नाही, हाताला सवयीने होतं.

परदेशातल्या बर्फाबद्दल गावाकडे बोलायला लागलं की लोकांना दोनच गोष्टी ऐकायच्या असतात. एक, किती सुंदर दिसतं. दोन, किती हाल होतात. दोन्ही खरं आहे. पण इथे राहून माझ्या मनात जे खोल रुतलं ते तिसरंच आहे. या डोंगरातला हिवाळा कुणीतरी सतत राखत असतं. रात्री, पहाटे, सणासुदीला, पाळीपाळीने. माणसं निवांत दिसतात कारण कुणीतरी जागं आहे.

पहाटेच्या बर्फगाडीचंच घ्या. गावच्या लहान रस्त्यांवर हे काम बऱ्याचदा आसपासचे शेतकरी कंत्राटाने करतात. उन्हाळ्यात गवत कापणाऱ्या ट्रॅक्टरलाच हिवाळ्यात पुढे लोखंडी नांगर लागतो. रात्री अकराला बर्फ पडायला लागला की त्या माणसाची झोप संपली. मला अंथरुणातच ऐकू येतं, पातं रस्त्यावर घासत जातं, पिवळा दिवा छतावर फिरून जातो, आणि मी कूस बदलते. सकाळी साडेसातला माझी पाळी सुरू होते तेव्हा वरच्या वाडीपर्यंतचा रस्ता मोकळा असतो. त्या वाडीत माझी एक आजी राहते. नव्वदी ओलांडलेली, एकटी. इथे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात. ती मला नावाने बोलावते, मीही तिला नावानेच बोलावते, पण लिहिताना मला आजी म्हटल्याशिवाय राहवत नाही.

आजींच्या दारात नेहमी खडीची बादली असते. बर्फापेक्षा त्यांना भीती बर्फ वितळून पुन्हा गोठण्याची. भुसभुशीत बर्फावर माणूस पडला तर सहसा उठून कपडे झटकतो. काचेसारख्या गोठलेल्या अंगणात पडला तर खुबा मोडतो. खुब्याच्या फ्रॅक्चरचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या देशांत नॉर्वे येतो, आणि माझ्या कामात ते दर फेब्रुवारी-मार्चमध्ये डोळ्यांनी दिसतं. म्हणून आम्ही म्हाताऱ्यांच्या बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे घेऊन फिरतो. दाराबाहेर पडण्याआधी ते बसून लावायचे, उभ्याने नाही, हे मी रोज कुणाला ना कुणाला सांगते. आजींना सांगावं लागत नाही. त्यांच्या ओट्यावर एक स्टूल फक्त त्यासाठी ठेवलेलं आहे. शेजारचा शाळकरी मुलगा शाळेत जाण्याआधी त्यांच्या पायऱ्यांवर खडी टाकून जातो. त्याला कुणी नेमलेलं नाही. त्याच्या आधी त्याची मोठी बहीण टाकायची.

थंडीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती पुस्तकातून कळत नाही. उणे पाच आणि उणे वीस यांत फक्त आकड्याचा फरक नाही, हवाच वेगळी होते. उणे दहाच्या खाली गेलं की पायाखालचा बर्फ करकरायला लागतो. उणे वीसला श्वास घेताना नाकातले केस ताठ होतात, पापण्यांवर दव जमून गोठतं. आणि आवाज लांबवर पोचतो, पलीकडच्या उतारावरच्या कुत्र्याचं भुंकणं अगदी कानाशी. खोऱ्यात थंड हवा खाली साचते, त्यामुळे कित्येकदा उंचावरच्या वाडीत तापमान नदीकाठापेक्षा जास्त असतं. वर चढताना गाडीतला आकडा चढत जाताना बघितला की अजून मला नवल वाटतं. ताज्या बर्फात बहुतांश हवाच असते, म्हणून तो ऊब धरतो. पठारावरचे रूपे (टार्मिगन) नावाचे पक्षी रात्री त्यात शिरून झोपतात, उंदीर आणि लेमिंग त्याखालच्या बोगद्यांत हिवाळा काढतात. बाहेर उणे पंचवीस असताना जमिनीलगत शून्याच्या आसपास असतं. आजी हे मला दोन ओळींत सांगून मोकळ्या झाल्या होत्या: छपरावरचा बर्फ सगळा काढू नये, थोडा राहू द्यावा, तो पांघरूण आहे. फार साचला तर मात्र काढायचाच, कारण ओला बर्फ छप्पर मोडतो.

अंधाराबद्दल लोक जास्त विचारतात. डिसेंबरात सूर्य साडेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीन वाजून गेले की गेलाच. ज्यांच्या घरामागे डोंगर आहे त्यांना तेवढाही नाही. प्रत्येक खिडकीत कागदी तारा किंवा सात दिव्यांची पायरी लागते. ती सजावट आहे हे खरं, पण रस्त्याने चालणाऱ्याला तिचा उजेड मिळतो हेही खरं. जॅकेटला चकाकणारी पट्टी लटकवल्याशिवाय कुणी मुलाला बाहेर सोडत नाही. सप्टेंबर ते एप्रिल, म्हणजे ज्या महिन्यांच्या नावात र आहे त्या सगळ्या महिन्यांत, सकाळी चमचाभर कॉड माशाच्या यकृताचं तेल. माझी मुलगी ते तोंड वाकडं न करता पिते.

उजेडासाठी माणूस किती धडपडतो हे बघायचं तर पठाराच्या पलीकडच्या अंगाला रियुकानला जावं. टेलेमार्क भागातलं हे गाव इतक्या खोल दरीत आहे की सप्टेंबरअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत तिथे थेट ऊन पोचतच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्स्क हिद्रो या कंपनीने तिथल्या धबधब्याच्या विजेवर खताचे कारखाने उभारले आणि हजारो कामगार त्या सावलीत राहायला आले. 1928 साली त्याच कंपनीने डोंगरावर चढणारा रज्जुमार्ग बांधला, निव्वळ लोकांना हिवाळ्यात वर जाऊन ऊन बघता यावं म्हणून. आणि डोंगरावर आरसे लावून ऊन खाली चौकात पाडायची कल्पना, जी 1913 पासून त्या गावात बोलली जात होती, ती 2013 साली खरी झाली. तीन मोठे आरसे संगणकाच्या मदतीने सूर्यामागे वळतात आणि चौकात उन्हाचा एक तुकडा पडतो. मी तिथे उभी राहिले आहे. बाकावर एक माणूस डोळे मिटून बसला होता, शेजारी एका आईने तान्ह्या बाळाची गाडी उन्हाकडे वळवून ठेवली होती. ऊन फार गरम नव्हतं, पण होतं. शंभर वर्षं एक गाव एखादी गोष्ट मनात धरून ठेवतं आणि शेवटी करतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. पैशाचा अपव्यय म्हणणारे लोक त्याही गावात होते. मला ते पटत नाही. ज्या खर्चाने डिसेंबरातल्या दुपारी म्हातारी माणसं घराबाहेर पडून एकमेकांना भेटतात, तो खर्च मी आरोग्याच्या खात्यात धरीन.

आता पठाराविषयी. याइलोहून पश्चिमेला निघालं की हाउगास्तोलनंतर सात नंबरचा राष्ट्रीय मार्ग हार्डांगरविद्दावर चढतो, साडेबाराशे मीटरांच्या आसपास जातो आणि पलीकडे हार्डांगरच्या फ्योर्डकडे, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीकडे, उतरतो. वर झाड नाही, आडोसा नाही. वारा सुटला की पडलेलाच बर्फ उडायला लागतो आणि आभाळ नि जमीन एक होतात. अशा वेळी रस्त्याला फाटक लागतं. एकट्याने जायचं नाही. गाड्या रांगेत थांबतात, ठरलेल्या वेळी बर्फगाडी पुढे निघते आणि तिच्यामागे सगळा ताफा. निघण्याआधी टाकीत पुरेसं इंधन आहे ना, गरम कपडे आहेत ना हे बघतात. नियम साधे आहेत: पुढच्या गाडीचे दिवे नजरेआड होऊ द्यायचे नाहीत, आणि काहीही झालं तरी गाडी सोडून चालू लागायचं नाही. फारच वाईट असेल तर ताफाही निघत नाही. रस्ता बंद.

मी त्या फाटकापाशी बरेचदा थांबले आहे. सगळ्यात मनावर ठसला तो तिथला समजूतदारपणा. कुणी हॉर्न वाजवत नाही. थर्मासमधली कॉफी निघते, मुलं मागच्या सीटवर पत्ते खेळतात. रस्ता बंद झाल्याचं कळलं की लोक गाडी वळवतात आणि जेवायची, निजायची सोय शोधतात. कुणाच्या लग्नाला जायचं असतं, कुणाला मीटिंग असते. तरी वळतात.

हा समजूतदारपणा काही जन्मजात नाही, तो माणसं गमावून आलेला आहे. 1896 च्या जानेवारीत रोआल आमुनसेन, जो पुढे 14 डिसेंबर 1911 ला दक्षिण ध्रुवावर पहिला पोचला, तो आपला भाऊ लेऑन याच्याबरोबर हेच पठार स्कीवरून ओलांडायला निघाला होता. पूर्वेच्या मोगेनहून पश्चिमेच्या गारेनला, म्हणजे आजचा ताफा जिथे उतरतो तिथेच, जायचं होतं. वादळात वाट हरवली, खाणं संपलं. एका रात्री रोआल बर्फात खळगा करून झोपला तो सकाळी गोठलेल्या बर्फात अडकून पडला. त्याच्या केसाळ झोपायच्या पिशवीचे थोडे केस वर दिसत होते, त्यावरून भावाने त्याला शोधून खणून काढलं. गारेनला ते पोचले नाहीत. मागे फिरले, जिवंत राहिले. जगातल्या सगळ्यात थंड जागी जाऊन सगळी माणसं सुखरूप परत आणणाऱ्या माणसाची शाळा या आमच्या पठारावर झाली, आणि तिचा पहिला धडा माघारीचा होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग 1967 चा ईस्टर. त्या सुट्टीत नॉर्वेच्या डोंगरांत 18 माणसं गेली. त्यानंतर रेडक्रॉस आणि पदभ्रमण संघटनेने डोंगरात वागायचे नियम घरोघर पोचवले. नियम नऊ आहेत. कुठे जाताय ते कुणाला तरी सांगून जा. हवामान आणि हिमस्खलनाचा अंदाज बघा. छोट्या फेरीलाही वादळाच्या तयारीने जा. आणि आठवा नियम, जो इथल्या प्रत्येक मुलाला पाठ असतो: वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. 1937 पासून इथे मिळणारं क्विक लुन्श नावाचं चॉकलेट सहलीत प्रत्येकाच्या पाठपिशवीत असतं, त्याच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूला हे नियम छापलेले असतात. माझ्या मुलीने ते पहिल्यांदा चॉकलेट खाताखाताच वाचले.

आठवा नियम मी माझ्या कामातही वापरते. वरच्या वाडीला जाताना वळणावर समोरचं दिसेनासं झालं तर मी गाडी थांबवते, कार्यालयाला कळवते, परत फिरते. आजींना फोन करते. त्या म्हणतात, बरं केलंस, गोळ्या मी घेतल्यात. शेजाऱ्यांना एक फोन, ते स्कीवरून जाऊन बघून येतात. कुणी मला विचारत नाही की तू का पोचली नाहीस. मी ज्या वातावरणात शिकले आणि पहिली नोकरी केली तिथे न पोचण्याला कारण चालत नसे. पावसात, पुरात, रुळांवरून चालत गेलेल्या माणसाचं कौतुक व्हायचं. त्या जिद्दीबद्दल मला आजही आदर आहे. पण ज्या कौतुकात माणूस परत फिरायला कचरतो ते कौतुक मला आता सोसत नाही.

याच डोंगरात एका माणसाने आपलं आयुष्य रचलं, आणि त्याचा धागा आपल्याकडे येतो. तत्त्वज्ञ आर्ने नेस (1912–2009). वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ओस्लो विद्यापीठात प्राध्यापक झालेला हा माणूस त्याआधीच, 1937-38 मध्ये, हालिंगस्कार्वेच्या कड्याखाली सुमारे 1500 मीटरवर त्व्हेर्गास्ताइन नावाची झोपडी बांधून बसला होता. बांधायचं सामान घोड्यांवरून वर गेलं. तिथे जळण मोजून वापरायचं, पाणी बर्फ वितळवून करायचं. माणसाच्या उपयोगापलीकडे निसर्गाला स्वतःचं मोल आहे, हा विचार मांडणारी सखोल पर्यावरणवादाची संज्ञा त्याने 1973 मध्ये रूढ केली. तो गांधींचा अभ्यासक होता. अहिंसक लढ्याची रीत त्याने बारकाईने तपासली, तिच्यावर लिहिलं, आणि 1970 मध्ये मार्दोला धबधब्यावरच्या वीजप्रकल्पाविरुद्ध लोक वाटेवर बसले तेव्हा त्यांच्यात तोही होता. पोलिसांनी उचलून नेलं. शेजारच्या उस्ताउसे गावाहून वर बघितलं की तो कडा दिसतो, आणि मला दर वेळी नवल वाटतं की गांधींचं वाचन इतक्या बर्फात, इतक्या उंचावर, एका शेगडीशेजारी झालं. झोपडीपर्यंत मी उन्हाळ्यात गेले आहे. हिवाळ्यात अजून नाही. चांगल्या हवेचा मुहूर्त मिळेल तेव्हा जाईन.

स्कीवर मी तिशीनंतर उभी राहिले. इथली मुलं चालायला लागली की स्कीवर चढतात, माझी मुलगीही तशीच शिकली, आणि तिच्यामागे मी. उताराच्या स्कीपेक्षा मला सपाटीवरची लांबवर जाणारी स्की आवडते, तिच्यात चालण्याची लय असते. मेण लावणं हे वेगळं शास्त्र आहे. बर्फ कोरडा आणि थंड असेल तर हिरवं किंवा निळं, शून्याजवळ गेला तर जांभळं, तांबडं, आणि वितळून गोठलेला असेल तर ट्यूबमधलं चिकट मेण. गावातले लोक सकाळी थर्मामीटर बघून मेणाचा रंग ठरवतात. रात्री मार्ग दाबून त्यात स्कीच्या खाचा पाडणारं यंत्र फिरून गेलेलं असतं, आणि सकाळी सहाला आपण पहिले असलो तर त्या खाचांत कुणाचीही रेघ नसते. मधल्या थांब्यावर मी थालीपीठ खाते. थंडीत ते कडक होतं, चवीला मात्र उत्तम लागतं.

मार्चमध्ये सगळं पालटतं. दिवस बारा तासांचा होतो, बर्फ तेवढाच असतो, आणि त्यावरून परतणाऱ्या उन्हाने चेहरे तांबूस काळे पडतात. ईस्टरला शहरं रिकामी होऊन डोंगरात येतात. आमचं गाव काही दिवस शहरासारखं भरतं. लोक घराच्या दक्षिण भिंतीशी बर्फात खड्डा करतात, त्यात बाक करून रेनडिअरचं कातडं टाकतात, संत्री सोलतात आणि बसतात. पठारावर ठरावीक मार्गांवर बर्चच्या फांद्या खोचलेल्या असतात, धुकं आलं तर एका फांदीवरून दुसरी शोधत झोपडीपर्यंत पोचता यावं म्हणून. त्या फांद्या कुणीतरी फेब्रुवारी-मार्चच्या थंडीत जाऊन खोचलेल्या असतात, बहुतेकदा बिनपगारी.

आजींकडे भिंतीला टांगलेल्या कॅलेंडरांचा गठ्ठा आहे. रोजचं तापमान आणि बर्फ त्यांनी पेन्सिलीने लिहिलंय. त्यात जानेवारीतला पाऊस पूर्वी क्वचित सापडतो. आता तो येतो. जानेवारीत पाऊस पडून पुन्हा गोठलं की अंगण तर धोक्याचं होतंच, पण वर पठारावर त्याहून वाईट होतं. रानटी रेनडिअर खुरांनी बर्फ उकरून खालचं दगडफूल खातात. बर्फावर नि बर्फाखाली निव्वळ काच तयार झाली की त्यांची खुरं चालत नाहीत. फिन्सेजवळची हार्डांगरयोकुल ही हिमनदी वर्षागणिक आक्रसतेय, ते सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही, जुने फोटो पुरतात. पठाराच्या काठच्या या लोकांना मी हिवाळ्याबद्दल कुरकुरताना फारसं ऐकलेलं नाही. हिवाळा नीट येत नाही याबद्दल मात्र ते बोलतात, आणि बोलताना त्यांचा आवाज खाली येतो. मलाही भीती वाटते. मी इथे जन्मले नाही, तरी ज्या हिवाळ्याने मला एवढं शिकवलं तो माझ्या मुलीच्या पन्नाशीत कसा असेल, हा विचार रात्री येतो.

या वर्षी मी गावच्या रेडक्रॉसच्या मदत पथकात नाव दिलं. परिचारिका म्हणून उपयोग होईल असं वाटलं आणि इतकी वर्षं दुसऱ्यांच्या जागरणावर निर्धास्त झोपले, आता आपणही पाळी घ्यावी असं वाटलं. प्रशिक्षणात आम्ही लांब सळयांनी बर्फ टोचत रांगेने चाललो, पुरलेला बाहुला शोधला, खणून काढला. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाची वाचण्याची शक्यता पहिल्या पाव तासानंतर झपाट्याने घसरते, म्हणून खणायचीही रीत असते. एक पुढे, बाकीचे मागून बर्फ ओढतात, आणि ठरावीक वेळाने पुढचा बदलतो. ईस्टरच्या आठवड्यात माझी पाळी उस्ताउसेच्या वरच्या अंगाला आहे.

नेमकी तेव्हाच आई येतेय, तिचा पहिला हिवाळी फेरा. मी ड्यूटीवर असताना तिचं काय, म्हणून मी विचारात होते, तर शेजारीण म्हणाली, त्यांना आमच्याकडे पाठव, ढकलायच्या स्लेजवर बसवून तळ्यावर नेऊ. आईला फोनवर सांगितलं. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग तिने विचारलं, तळ्यावरचा बर्फ किती जाड आहे? मी शेजाऱ्यांना विचारलं. त्याच संध्याकाळी शेजारी मासेमारीचं गिरमिट घेऊन तळ्यावर गेले, भोक पाडलं, पट्टी घातली आणि मला कळवलं: साठ सेंटिमीटर. मी आईला सांगितलं. या तळ्याचं पाणी विजेसाठी सोडतात, त्यामुळे पातळी खालीवर होते आणि काठाशी बर्फाला भेगा जातात, हेही सांगितलं. आई म्हणाली, मग मधून न्यायला सांग, आणि काठावर उतरताना हात धरायला कुणीतरी असू दे. मी तसं शेजारणीला सांगितलं आहे. ती म्हणाली, दोघं असू.